कबिनीच्या वाटेवर अपघात, दावा पुण्यात

अपघात होऊन चार-आठ दिवस झाले, जखमीच्या जिवाचा धोका टळला, की भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी विचारतेच, "मग, केस कोर्टात जाणार की बाहेरच मिटणार?" ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत अपघात झाला असेल तर या प्रश्नाचा गुंता आणखी वाढतो. ॲप एका कंपनीचे, गाडी दुसऱ्याच्या नावावर, चालवणारा तिसरा आणि विमा चौथ्याचा. दाद कोणाकडे मागायची, हेच घरच्यांना समजत नाही.

उत्तर आधी देतो, कारणे मग. भारतात मोटार अपघाताच्या भरपाईचा रीतसर दावा न्यायाधिकरणापुढे जातोच. समेट झाला तरी त्याची नोंद तिथेच होते. त्यामुळे 'कोर्टात जाईल का' याची धास्ती घेण्याचे कारण नाही. विचार करायचा तो एवढाच की तिथे गेल्यावर दावा पुराव्यानिशी शेवटपर्यंत लढावा लागेल की सुरुवातीच्याच तारखांना मिटेल. हे वकिलाच्या वक्तृत्वापेक्षा अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तयार झालेल्या, किंवा तयार व्हायच्या राहून गेलेल्या, कागदांवर ठरते.

उदाहरणासाठी आपण सरगूरचा रस्ता घेऊ. म्हैसूर जिल्ह्यातले सरगूर हे कबिनी नदीकाठचे गाव. स्थानिक लोक या नदीला कपिला म्हणतात. हा सगळा भाग पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात होता, आता सरगूर स्वतंत्र तालुका आहे. एका बाजूला बंडीपूरचे जंगल, दुसरीकडे नागरहोळे आणि जवळच बीचनहळ्ळीचे कबिनी धरण. वाघ-बिबटे पाहायला येणाऱ्यांत पुण्या-मुंबईचे मराठी पर्यटक भरपूर असतात. रेल्वेने किंवा विमानाने म्हैसूर-बंगळुरू गाठायचे आणि पुढे ॲपवर 'आउटस्टेशन' टॅक्सी ठरवायची, हा आता सर्रास शिरस्ता झाला आहे. म्हैसूरहून सरगूरला हॅन्डपोस्टमार्गे जाता येते, तसेच नंजनगूड-हुल्लहळ्ळीकडूनही. बसगाड्या, उसाचे ट्रॅक्टर, गुरे, शाळेची मुले आणि पर्यटकांच्या भरधाव मोटारी, सगळे एकाच डांबरी पट्ट्यावरून चाललेले असतात.

समजा, पुण्याची एक चौतीस वर्षांची बाई अशा टॅक्सीने कबिनीकडे निघाली आहे. तिचा स्वतःचा शिवणकामाचा व्यवसाय आहे. सरगूरच्या अलीकडे टॅक्सी आणि समोरून येणारा मालवाहू टेम्पो एकमेकांवर आदळतात आणि तिचा उजवा गुडघा मोडतो. ही बाई आणि हा अपघात काल्पनिक आहे. मात्र तिच्या निमित्ताने जे नियम सांगणार आहे ते खरे आहेत.

पहिल्या तासात भरपाईचा विचार कोणी करत नाही आणि करूही नये. सरगूरला स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट या संस्थेचे विवेकानंद मेमोरियल हॉस्पिटल आहे, मोठ्या शस्त्रक्रियेसाठी म्हैसूर गाठावे लागते. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नोंदणीकृत रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. जखमी कोणत्या राज्यातला, हे त्यासाठी पाहिले जात नाही. दाखल करून घेतानाच नातेवाइकांनी या योजनेची चौकशी करावी.

याच वेळी आणखी एक गोष्ट घडत असते आणि तिच्यापायी चांगले चांगले दावे बुडतात. चालक किंवा गाडीमालक हात जोडून म्हणतो, "ताई, पोलिसांत नको जाऊ या. दवाखान्याचा खर्च मी देतो." परमुलूख, परकी भाषा, परतीचे तिकीट काढलेले. माणसाला ते बरे वाटते. वीस-पंचवीस हजार हातावर पडतात आणि गुन्हा नोंदवला जात नाही. दोन महिन्यांनी गुडघ्यावर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, तेव्हा गाडीमालक फोन उचलत नाही आणि विमा कंपनी विचारते, अपघात झाला होता याला आधार काय? रस्त्यावर केलेल्या या तडजोडीला कोणताही कायदा 'समेट' मानत नाही. उशिरा दिलेली फिर्याद दाव्याला अगदीच मारक ठरते असे नाही. जखमी माणूस आधी दवाखाना गाठणार, ठाणे नंतर, हे न्यायालयांना मान्य आहे. पण महिना-दोन महिन्यांच्या मौनाचा खुलासा द्यायचा म्हणजे लढाई ओढवून घेणे आले.

म्हणून पहिला कागद म्हणजे स्थानिक पोलीस ठाण्यातला गुन्हा. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेखाली नोंदवला जातो. बेदरकारपणे वाहन चालवण्यासाठी कलम २८१ आणि दुखापतीसाठी कलम १२५ ही इथली नेहमीची कलमे. त्यापाठोपाठ आपण ज्याला पंचनामा म्हणतो तो 'महजर', दवाखान्याने दिलेला जखमांचा दाखला आणि मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल येतो. हे कागद बहुतेक कन्नडमध्ये असतात. त्यांच्या प्रमाणित प्रती आणि पुढे भाषांतर यांची सोय घरच्यांपैकी एकाने अंगावर घ्यावी.

दुसरा कागद खास ॲपचा. प्रवासाची पावती ईमेलवर येते. तिच्यावर तारीख, वेळ, मार्गाचा नकाशा, चालकाचे नाव असते, आणि गाडीचा क्रमांक ॲपमध्ये दिसतो. ही पावती आणि ॲपमधला तो पडदा लगेच जपून ठेवावा. बाई त्या क्षणी त्या गाडीत भाडे देणारी प्रवासी म्हणून बसली होती, याचा यापेक्षा बळकट पुरावा सापडणे कठीण. उलटही होते. ॲपवर एक गाडी आणि दारात दुसरीच. चालक सांगतो, "ती सर्व्हिसिंगला दिलीय, भावाची घेऊन आलोय." क्रमांक जुळत नसेल तर त्या गाडीत बसू नये, हे सुरक्षिततेसाठी सांगितले जातेच. दाव्याच्या दृष्टीनेही हा सल्ला तितकाच मोलाचा आहे.

आता यंत्रणेकडे वळू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि दाव्यांसंबंधीची प्रकरणे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. नव्या कलम १५९ नुसार तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत तयार करून दावा न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा आहे. त्यासोबतच्या नियमांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत, अशी मुदत घातली. ही पद्धत आधी दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशांतून आकाराला आली होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ रोजी गोहर मोहम्मद खटल्यात ती देशभर अमलात आणण्याचे निर्देश दिले. आणि कलम १६६ म्हणते की हा पोलीस अहवालच न्यायाधिकरणाने भरपाईचा अर्ज म्हणून हाताळावा. म्हणजे जखमी पुण्यात अंथरुणावर पडलेला असताना, वकीलपत्रावर सही करायच्या आधीच, त्याचे प्रकरण न्यायाधिकरणाच्या दप्तरी दाखल झालेले असू शकते. घरोघरी हे माहीत व्हायला हवे, असे मला कळकळीने वाटते. मात्र सगळ्याच ठाण्यांत ही घडी अजून बसलेली नाही. अहवाल गेला की नाही याची विचारपूस करावी, आणि त्याच्या भरवशावर न राहता स्वतःचा अर्जही तयार ठेवावा.

समेटाची वाट कलम १४९ मध्ये आहे. अपघाताची खबर मिळाल्यावर विमा कंपनीने एक अधिकारी नेमायचा. त्याने तीस दिवसांत जखमीपुढे रकमेचा प्रस्ताव ठेवायचा, तोही न्यायाधिकरणासमोर. जखमीने तो मान्य केला तर न्यायाधिकरण तशी नोंद करते आणि कंपनीने पुढच्या तीस दिवसांत पैसे द्यायचे. नाकारला तर सुनावणीची तारीख लागते. प्रस्ताव नाकारणे हा जखमीचा हक्क आहे आणि तो वापरला म्हणून पुढे रक्कम कमी होत नाही.

अमेरिकेत आपली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात आणि तिथले नातेवाईक फोनवर वेगळाच सल्ला देतात: "कोर्टात कशाला जाताय, सेटल करा." त्यांच्याकडे ते बरोबर आहे. तिथल्या बहुतेक राज्यांत ॲपच्या टॅक्सीत प्रवासी बसलेला असताना कंपनीला मोठे विमा संरक्षण ठेवावे लागते. कॅलिफोर्नियात ते दहा लाख डॉलरचे आहे. चालक ॲप सुरू ठेवून नुसता भाड्याची वाट पाहत असेल तर तेच संरक्षण एका माणसामागे पन्नास हजार डॉलरवर येते. ॲप बंद असेल तर चालकाचा घरगुती विमा. त्यामुळे त्या क्षणी ॲप कोणत्या अवस्थेत होते, यावरच तिथे वाद होतात. वकील भरपाईतला हिस्सा फी म्हणून घेतात आणि बहुतेक दावे खटल्याआधीच पत्रव्यवहारात मिटतात. आपल्याकडे विमा गाडीचा असतो, ॲपचा नव्हे. चालकाने ॲप सुरू ठेवले होते की बंद, याने तृतीय पक्ष विम्याची जबाबदारी बदलत नाही. आणि भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई केलेली आहे. असा करार कोणी पुढे केला तर सही करू नये.

पुण्याच्या बाईला सतावणारा पुढचा प्रश्न: तारखांना दर वेळी म्हैसूरला जायचे का? मुळीच नाही. अपघात जिथे झाला तिथले न्यायाधिकरण, जखमी जिथे राहते किंवा व्यवसाय करते तिथले, किंवा ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो राहतो तिथले, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. निवड जखमीची. शिवाय २०१६ मध्ये मालती सरदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीचे कार्यालय असलेल्या ठिकाणचा दावाही मान्य केला. तेव्हा सरगूरजवळ घडलेल्या अपघाताचा दावा शिवाजीनगरच्या न्यायालयात चालू शकतो. यात एक तोटा धरून चालावा लागतो. कर्नाटकातले साक्षीदार पुण्यात आणणे जिकिरीचे असते. म्हैसूरच्या शल्यविशारदाने शस्त्रक्रिया केली आणि तोच अपंगत्वाविषयी साक्ष देणार असेल तर सोय बघावी लागते. पण पुढचे उपचार पुण्यात सुरू राहिले आणि पुण्याच्याच अस्थिरोगतज्ज्ञाने अपंगत्व तपासले, तर ही अडचण बरीचशी सुटते. मी असतो तर घराजवळचे न्यायाधिकरण निवडले असते. दर तारखेला पंधरा-सोळा तासांचा प्रवास मोडक्या गुडघ्याने करायचा, या विचारानेच माणसे कमी रकमेवर सही करून मोकळी होतात.

दावा कोणावर करायचा? चालक, गाडीचा नोंदणीकृत मालक आणि गाडीची विमा कंपनी. प्रत्यक्ष पैसे येतात ते विमा कंपनीकडून. समोरून टेम्पो आला होता, तर त्याचा मालक आणि त्याची विमा कंपनीही. इथे प्रवाशाची बाजू फार भक्कम असते. चूक टॅक्सीवाल्याची की टेम्पोवाल्याची, यावर दोन्ही विमा कंपन्या तावातावाने भांडतात. पण मागच्या सीटवर बसलेल्या बाईची चूक कोणीच दाखवू शकत नाही. २०१५ च्या खेनयेई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोघांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली, तर तो तिसरा संपूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकतो. त्यांनी आपसातले वाटे नंतर ठरवावेत. विमा कंपनीचा प्रतिनिधी 'आधी चूक कोणाची ते ठरू द्या' म्हणत दिवस काढू लागला, तर वकिलाने हा निकाल त्याच्यापुढे ठेवावा.

आणि ॲपची कंपनी? कायद्यात तिला आता स्थान आहे. २०१९ च्या दुरुस्तीने प्रवासी आणि चालक यांना जोडून देणाऱ्या या 'ॲग्रिगेटर'ची व्याख्या केली आणि परवाना सक्तीचा केला. कर्नाटकाचे स्वतःचे नियम तर २०१६ पासून आहेत. पण अपघाताच्या भरपाईची जबाबदारी थेट तिच्यावर टाकणारे स्वच्छ कलम नाही. 'आम्ही फक्त तंत्रज्ञान पुरवतो, टॅक्सी चालवत नाही' हा या कंपन्यांचा नेहमीचा बचाव. ठाण्याच्या ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये तो फेटाळला होता. डोंबिवलीच्या एका वकील महिलेचे उबर उशिरा पोचल्याने २०१८ मध्ये मुंबईहून चेन्नईला जाणारे विमान चुकले होते. आयोगाने तिला वीस हजार रुपये देण्याचा आदेश कंपनीला दिला. रक्कम लहान, पण सेवेतल्या कसुरीला ॲपची कंपनीच जबाबदार, हे त्यातून पुढे आले. चालक हा कंपनीचा कर्मचारी मानायचा का, हा वाद कर्नाटक उच्च न्यायालयातही गेला. ओलाविरुद्धच्या एका प्रकरणात, जे लैंगिक छळाच्या तक्रारीचे होते, एकलपीठाने सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीवर जबाबदारी टाकली आणि लगेचच खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

माझ्या मते या वादाची किल्ली एका जुन्या निकालात आहे. राजस्थानच्या परिवहन महामंडळाने खासगी मालकाची बस चालकासकट भाड्याने घेतली होती. अपघात झाल्यावर महामंडळ म्हणाले, चालक आमचा नोकर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये कैलाशनाथ कोठारी खटल्यात पाहिले ते इतकेच, की बस कुठून कुठे जायची, भाडे कोण घेणार, चालकाला हुकूम कोण देणार. हे सगळे महामंडळाच्या हातात होते, म्हणून जबाबदारीही महामंडळाची. आज भाडे ठरवणारी, चालक नेमून देणारी, मार्ग दाखवणारी आणि एका कळीने चालकाची रोजी बंद करणारी ॲप कंपनी या कसोटीतून सुटू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तरी जखमीला व्यवहारी सल्ला द्यायचा तर असा: गाडीचा विमा चालू आणि वैध असेल, तर ॲप कंपनीला ओढून खटला लांबवू नये. विमा संपलेला निघाला, किंवा भलतीच गाडी पाठवली गेली होती, तर मात्र तिला पक्षकार करायला कचरू नये.

यापुढचा मुद्दा पाटीच्या रंगाचा. पिवळी पाटी म्हणजे परवानाधारक टॅक्सी. तिच्या विम्यात प्रवासी कायद्यानेच धरलेला असतो. पण खर्च वाटून घेऊन प्रवास जुळवणारी 'कारपूल' ॲपही आता पुष्कळ वापरली जातात आणि त्यांवरच्या गाड्या पांढऱ्या पाटीच्या, खासगी असतात. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अशा गाड्यांना शहरात दिवसाला चार आणि शहरांदरम्यान आठवड्याला दोन फेऱ्यांपर्यंत मुभा दिली होती. ती देणे-न देणे राज्यांवर सोडले होते, आणि २०२३ मध्ये बंगळुरूत यावरून बराच गदारोळ झाला. अशा गाडीत अपघात झाला तर दोन गोष्टी लगेच तपासाव्यात. विमा नुसता तृतीय पक्षाचा असेल तर खासगी गाडीत बसलेल्याला तो सहसा लागू होत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर लागू होतो. २०१२ च्या बालकृष्णन निकालात हा फरक स्पष्ट केलेला आहे. दुसरे म्हणजे, चालक खर्च वाटून घेत होता की नफ्यासाठी भाडे मारत होता. भाडे मारत असेल तर विमा कंपनी 'पॉलिसीच्या अटीचा भंग' म्हणून हात वर करते, आणि असे झाले की प्रकरण लढावेच लागते.

हात वर केले म्हणजे कंपनी सुटली, असे मात्र समजू नये. २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यापासून 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश न्यायालये कित्येकदा देतात. परवाना नसलेल्या गाडीबाबतही २०१८ मध्ये अमृतपाल सिंग खटल्यात तसाच मार्ग निघाला. टॅक्सीचालकाच्या लायसन्सवरून घेतली जाणारी जुनी हरकत तर ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेच निकाली काढली. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला माणूस ७५०० किलोपेक्षा कमी वजनाचे वाहतूक वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो, असे रंभादेवी खटल्यात ठरले.

या भागापुरती आणखी एक शक्यता. इथे हत्ती रस्ता ओलांडतात. म्हैसूरहून मानंदवाडीकडे जाणारा रस्ता नागरहोळेच्या जंगलात संध्याकाळी सहा ते सकाळी सहा बंद असतो आणि बंडीपुरातून जाणारा महामार्ग रात्री नऊ ते सहा, तो त्यासाठीच. समजा, दिवसाउजेडीच हत्ती आडवा आला, चालकाने गाडी वळवली आणि ती झाडावर गेली. बेदरकारपणा सिद्ध करणे अवघड. अशा वेळी कलम १६४ उपयोगी पडते. कोणाची चूक हे न सांगताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये गाडीमालक किंवा विमा कंपनीकडून मिळतात. पण सावध राहावे: ही रक्कम कलम १४९ च्या समेटात स्वीकारली, की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. चूक दाखवता येण्यासारखी असेल तर अडीच लाखांवर घाईने सही करू नये.

आता पैशांचा हिशेब, कारण समेट अडतो तो इथेच. आपल्या बाईचे उत्पन्न महिना ३०,००० रुपये धरू. व्यवसाय स्वतःचा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे. हे तत्त्व जखमींनाही लागू होते, असे २०२० मध्ये पप्पू देव यादव खटल्यात सांगितले गेले. महिन्याचे ४२,००० झाले, वर्षाचे ५,०४,०००. एकतीस ते पस्तीस वयासाठी २००९ च्या सरला वर्मा निकालातला गुणक १६ आहे. गुणाकार ८०,६४,०००. आता याला अपंगत्वाच्या टक्क्यांनी गुणायचे. बाईचे म्हणणे, कमाईची ताकद २० टक्क्यांनी घटली: १६,१२,८०० रुपये. विमा कंपनीचे म्हणणे ८ टक्के: ६,४५,१२०. औषधोपचार, वेदना, बुडालेले दिवस हे वेगळे. जवळजवळ पावणेदहा लाखांचे हे अंतर कागदांनी भरून निघाले तर दावा मिटतो, नाही तर साक्षीपुरावा सुरू होतो.

ते अंतर डॉक्टरच्या साक्षीत कसे दिसते पाहा. गुडघा निरोगी असेल तर साधारण १३५ अंशांपर्यंत वाकतो, बाईचा ९० अंशांवर थांबतो. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत विचारतो, "डॉक्टर, पेशंट आधाराशिवाय चालते?" "हो." "हाड जुळले आहे?" "हो." "म्हणजे ती घरातली कामे करू शकते?" "बरीचशी." तीन उत्तरे खरी, आणि चित्र अपुरे. तिला मांडी घालता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर सलग बसले की गुडघा सुजतो, जिना उतरताना कठडा लागतो. हे तिच्या वकिलाने विचारून घ्यायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात हाच फरक शिकवला आहे. डावा हात गमावलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई मात्र पूर्ण बुडू शकते. शरीराचे टक्के एक, पोटापाण्याचे टक्के निराळे. कर्नाटकात एका अवयवाच्या अपंगत्वाचा तिसरा हिस्सा संपूर्ण शरीराचा धरण्याची वहिवाट आहे. विमा कंपन्यांचा आकडा पुष्कळदा तिथून येतो. व्यवसायाचे वर्णन जितके नेमके, तितका तो आकडा वर सरकतो.

उत्पन्नाचा पुरावाही तसाच. आयकर विवरणपत्र असेल तर प्रश्नच नाही. ते नसेल तर यूपीआयवर आलेल्या रकमा, कापड दुकानाची बिले, ग्राहकांची वही, बँकेचे उतारे चालतात. काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजे उत्पन्न धरते. कर्नाटकात त्यासाठी राज्य विधी सेवा प्राधिकरणाने लोकअदालतीसाठी केलेला वर्षवार तक्ता वापरतात. तो आकडा कसबी माणसाच्या खऱ्या कमाईच्या बराच खाली राहतो.

लोकअदालतीत मिटवावे का? माझे मत अनुकूल आहे, एका अटीवर. उपचार पूर्ण झालेले असावेत आणि अपंगत्वाचा दाखला हातात असावा. गुडघ्यातली पट्टी आणि स्क्रू काढायची शस्त्रक्रिया वर्ष-दीड वर्षाने होणार असेल, तर तिचा अंदाजित खर्च लेखी घ्यावा. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. हा त्याचा गुणही आहे आणि धोकाही. गुण असा की विमा कंपनी उच्च न्यायालयात जाऊन पैसे अडकवू शकत नाही. धोका असा की पुढे दुखणे वाढले तरी दार बंद. वकिलाने वरच्यासारखा गुणाकार कागदावर मांडून दाखवल्याशिवाय 'एवढ्यात मिटवून टाकू' याला होकार देऊ नये. हा गुणाकार समजून घेण्याचा जखमीला पूर्ण अधिकार आहे.

मुदतीबद्दल मात्र ढिलाई नको. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करण्याचे बंधन परत आणले. १९९४ साली ते काढून टाकले गेले होते. या बंधनाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की या आव्हानाचा निकाल लागेपर्यंत मुदत टळल्याच्या कारणाने दावे फेटाळू नयेत. अंतरिम आदेश म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. हाडाच्या दुखण्यात सहा महिने प्लास्टर, फिजिओथेरपी आणि फेरतपासण्यांत भुर्रकन जातात. अपंगत्वाचा दाखला नंतर जोडता येतो, अर्ज मात्र वेळेत दाखल करावा.

निकाल लागला आणि तो अपुरा वाटला, तर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. वादातली रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर नाही. विमा कंपनीने अपील केले तर तिला २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती आधी भरावी लागते. पुण्याच्या न्यायाधिकरणाचा निकाल असेल तर अपील मुंबई उच्च न्यायालयात जाते, म्हैसूरचा असेल तर बंगळुरूला. दावा कुठे दाखल करायचा हे ठरवताना पहिल्याच दिवशी हेही वकिलाशी बोलून घ्यावे.